कलाबाईची झोप

आसगावच्या शाळेत माझी बदली झाली तेव्हा खोली बघायला मी दौलत काकाजींच्या घरी गेले. सूर्य अजून पुरता बुडायचा होता, तरी घरात मिट्ट काळोख. भिंतीवर हात फिरवून मी बटण शोधलं, तेवढ्यात आतून दबका आवाज आला.

"दिवा नोको लावू जी. कलाबाई निजली."

घरात कोणी आजारी आहे असं समजून मी चपला हातात घेतल्या आणि चवड्यांवर चालत पुढे गेले. ओसरीच्या कोपऱ्यात बांबूची मोठी पालथी टोपली होती. कोंबड्या झाकतात तशी, पण उजेडाचा कण आत जाऊ नये म्हणून वरून शेणानं गच्च सारवलेली. शेजारी एक मांजर आशेनं बसलं होतं. त्याला आत कोंबडी आहे असं वाटत होतं आणि मला म्हातारी. त्या मानानं मांजराचा अंदाज बरा होता. आत होती एक मातीची कुंडी आणि कुंडीत जाड्या, गुबगुबीत पानांचं वीतभर झाड. नर्सरीवाले त्याला कलांचो म्हणतात. काकाजींनी त्याची कलाबाई करून टाकली होती.

या झाडाला फूल हवं असेल तर हिवाळ्याच्या तोंडाशी रोज संध्याकाळपासून सकाळपर्यंत पक्का अंधार द्यावा लागतो, असं काकाजींना पवनीच्या एका नर्सरीवाल्यानं सांगितलं होतं. त्या बिचाऱ्याला काय कल्पना, आपण कोणाला सांगतोय! काकाजींनी कार्तिकापासून ओसरीतला दिवाच बंद केला. वीज गेली की सगळं गाव वीजवाल्यांचा उद्धार करायचं आणि काकाजी समाधानानं म्हणायचे, "आता बराबर." काकू, म्हणजे त्यांची बायको, अंधारात तांदूळ निवडायची आणि बोलायची, "माह्या जिंदगीत यायनं माह्यासाठी कदी पंखा नाही बंद केला. अन् हिच्यासाठी दिवा बंद."

आता काकाजी कोण, ते सांगायला हवं. हा मुलूख तलावांचा आणि धानाचा. तलावाचं पाणी कोणाच्या बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, कधी आणि किती जायचं हे ठरवणारा माणूस म्हणजे पाणकर. काकाजींनी हयातभर तेच केलं. तलावाच्या पाण्याचं दार, त्याला इकडे तुडूम म्हणतात, ते उघडायचं आणि लावायचं त्यांच्या हातात. धुऱ्यातून, म्हणजे शेताच्या बांधातून, थेंबभर पाणी झिरपताना दिसलं की काकाजी धावत जाऊन चिखलाचा गोळा थापणार. त्यांचा मंत्र एकच: "पानी फुटलं का घर फुटलं." लग्नाच्या पंगतीतही कोणाच्या पत्रावळीतली आमटी वाहायला लागली, तर ते भाताचा बांध घालून द्यायचे.

अशा माणसाच्या हाती पाणी नको असलेलं झाड कोणी दिलं? तर गंगाराम मासेमारानं. गावात या दोघांचं भांडण प्रसिद्ध होतं. धान निसवायच्या वेळी पावसानं दडी मारली की काकाजी तुडूम उघडायला निघायचे आणि गंगाराम आधीच जाऊन त्या तुडुमावर मांडी घालून बसलेला असायचा.

"पानी सोडशीन तं माही मासोळी काय धुऱ्यावर चालन का, तुडुम्या?"

"अन् नाही सोडलं तं लोकाइनं भाताऐवजी झिंगेच खावाचे का, झिंग्या?"

मग पाळीवर, तलावाच्या बांधावर, सगळं गाव जमायचं. शेवटी पाणी सुटायचं, पण अर्धंच. दोघंही आपणच हरलो म्हणत घरी जायचे. आणि धान घरात आलं की काकाजींच्या घरून नवे तांदूळ गंगारामच्या घरी जायचे, तलावात जाळं पडलं की तिकडून मासोळी यायची. ही देवघेव बायकाबायकांत चालायची. आपल्याला यातलं काही ठाऊक नाही असा चेहरा करून दोघंही जेवायचे.

पुढे गंगारामचे गुडघे गेले. त्याच्या मुलीनं त्याला नागपूरला नेलं. जायच्या दिवशी बसथांब्यावर त्यानं चार माणसांदेखत ही कुंडी काकाजींच्या हातात दिली. म्हणाला, "जनमभर पानी सोडत आला. आता बिनापान्याचं झाड जगवून दाखव. याले फूल आनलं तं मी येईन, अन् गावादेखत म्हनीन का दौलतले पान्याचं समजते." हे सगळं मला काकूनं सांगितलं. काकाजी एवढंच म्हणायचे, "त्याच्या नाकावर टिच्चून फूल आनतो का नाही, पाह्य."

पहिल्याच आठवड्यात घात झाला. काकाजींनी कुंडीत पाणी घातलं तर ते खालून गळायला लागलं. उचलून पाहतात तो बुडाला भोक. गंगारामनं आपल्याला फुटकी कुंडी दिली, असं त्यांना वाटलं. त्यांनी तलावाच्या पाळीवरून चांगली चिकण माती आणली, मळली आणि ते भोक असं बुजवलं की थेंब हलू नये. मग धानाच्या बांधीत ठेवतात तसं वर बोटभर पाणी उभं केलं. अख्ख्या हयातीचं कसब त्या एका भोकावर लावलं. झाड महिन्याभरात कुजलं.

एकच शेंडा जिवंत राहिला होता. तो त्यांनी खुडला, दोन दिवस सावलीत सुकू दिला आणि वाळूमातीत खोचला. आजची कलाबाई ती हीच. नागपूरला याचा पत्ता लागू दिला नाही. काकू म्हणते, तो शेंडा मुळं धरीपर्यंत काकाजींना जेवण गोड लागलं नव्हतं.

त्यानंतर माणूस पुरता उलटला. पाणी देण्याआधी पान दोन बोटांत धरून दाबायचं. टणक लागलं तर नाही. मऊ लागलं तर औषधाच्या बाटलीच्या टोपणानं, तेही मुळाशी. पण धानाच्या मुलखात कोरडी कुंडी पाहून पुढे जायची सवय कोणालाच नाही. तुळशीला पाणी घालून परतणारी प्रत्येक बाई उरलेलं कलाबाईला घालायला वाकायची. काकाजींनी कुंडीभोवती बाभळीच्या काट्यांचं कुंपण केलं. एकदा काकूचा भाऊ अड्याळहून आला आणि पिऊन उरलेलं पाणी वाया का घालवा म्हणून त्यानं गिलास कुंडीत रिकामा केला. काकाजींनी तिथल्या तिथे कुंडी पालथी केली, माती पेपरवर पसरली आणि पंखा लावला. मेहुणा घामानं निथळत होता आणि पंख्याचं तोंड मातीकडे.

"माह्या भावाले कोनी पंखा नाही लावला," काकू म्हणाली.

"तो नाही सडत," काकाजी म्हणाले.

मेहुणा जेवायला थांबला नाही.

मी राहायला आले त्या साली पौषात कळ्या उमलल्या. लालभडक, बारीक फुलांचे झुबके, हिरव्या पानांवर कुंकू सांडावं तसे. सगळी गल्ली बघून गेली. काकाजी कुंडीशेजारी नव्या नवरीच्या बापासारखे बसून होते. मी मोबाईलवर फोटो काढला आणि म्हटलं, "काकाजी, गंगारामकाकांच्या मुलीला पाठवते."

ते ताडकन उठले. "नोको. बिलकुल नोको."

"का हो? तुम्ही जिंकलात की."

"फोटोत पाहून मोकळा होईन तो. मंग कायले येईन?"

मी मोबाईल खाली घेतला. तोवर मी याला नुसतं खूळ समजत होते. या माणसाला जिंकायचं नव्हतं, त्याला आपला भांडणारा गडी घरी यायला हवा होता. गावात आता पाणी सोडलं काय नि नाही सोडलं काय, तुडुमावर मांडी घालून बसणारं कोणी उरलं नव्हतं.

मग फोटो राहिला आणि मी फोनच लावला. स्पीकर सुरू केला. काकाजी पाठ करून उभे राहिले, कान मात्र इकडे.

"गंगारामकाका, फूल आलं," मी म्हटलं.

पलीकडे खाट करकरली. मग, "खरं?"

"खरं. लाल."

"येतो मंग रविवारी. जावई आनून सोडन." मग पुढे म्हणाला, "एक डाव फूल पाहून घेतो, मंग येनं-जानं बंद. गुडघे नाही मानत, अन् पोरगी बी काव काव करते. हे शेवटचंच."

काकाजींची पाठ तशीच राहिली. फोन ठेवल्यावर ते कुंडीजवळ गेले, पान दाबून पाहिलं आणि बाहेर निघून गेले.

रविवारी सकाळी मी ओसरीत आले तर कलाबाईवर एक फूल नव्हतं. काल संध्याकाळी मी डोळ्यांनी पाहिले होते ते झुबके गेले कुठे? शेजारी काकाजी धुतलेल्या पांढऱ्या शर्टात, डावा हात खिशावर दाबून बसलेले. हाताखालून खिशाचं कापड लालसर दिसत होतं. मी काकूकडे पाहिलं. ती चुलीकडे वळली.

गाडी आली. गंगाराम काठी टेकत, प्रत्येक पावलाला कण्हत ओसरी चढला.

"कुठी हाये फूल?"

"नाही आलं," काकाजी म्हणाले.

"मॅडम तं म्हनत होत्या..."

"मॅडमले काय समजते? वर्ध्याच्या हायेत त्या, कापसाच्या मुलखातल्या. कळी धरली होती, गळली. त्याइले कळीतलं अन् फुलातलं समजत नाही."

मी तोंड उघडलं. काकाजींनी माझ्याकडे असं पाहिलं की मी ते मिटून घेतलं. फोटो माझ्या हातातल्या मोबाईलमध्येच होता.

"पानी जास्त झालं असन," गंगाराम म्हणाला.

"झालं असन."

पाणी जास्त झालं हे काकाजींनी आयुष्यात कोणापुढे कबूल केलं नसावं. गंगारामही चमकला. तो कसाबसा खाली बसला, कुंडी वाकवून बुडाचं भोक पाहिलं, पान दाबलं. मग झाडाच्या शेंड्यावरून अंगठा फिरवला. खुडलेला देठ अजून ओला होता. गंगारामनं अंगठा पाहिला. काकाजींचा खिसा पाहिला. अंगठा धोतराला पुसला.

"पुढच्या थंडीत ये," काकाजी जमिनीकडे पाहत म्हणाले. "दाखवतो."

"तुह्याच्यानं होत नाही, तुडुम्या," गंगारामनं कुंडी सरळ केली. "पन येतो. यावंच लागन."

काकूनं ताटं वाढली. भाताची वाफ विरून गेली तरी दोघं कधीकाळच्या दुष्काळात पाणी किती सोडलं होतं यावर भांडत होते. जावई दोनदा गाडीचा हॉर्न वाजवून आला, मग तोही जेवायला बसला.

मला कळीतलं आणि फुलातलं समजत नाही, हे त्या दिवसापासून गावभर झालं आहे. ज्यांनी ते फूल स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं, तेच लोक आता जास्वंदीच्या झाडाखाली मला अडवून विचारतात, "मॅडम, हे कळी व्हय का फूल?"

मी चांगलं निरखून पाहते आणि म्हणते, "कळी."