एकच काय ती ॲलर्जी

"माझ्या अंगात गुण म्हणाल तर एकही नाही, पण ॲलर्जी आहे," असं प्रूफरीडर स्वतःच छातीठोकपणे सांगायचा. शेंगदाण्याचं नुसतं नाव निघालं तरी छापखान्यात त्याच्यासाठी खिडक्या उघडल्या जायच्या. त्यामुळे शेंगदाण्याच्या ॲलर्जीवरच्या नव्या औषधाच्या चाचणीला माणसं हवीत असं कळताच स्वारी हॉस्पिटलात हजर! मालकांनी पगारी रजाही दिली.

औषध तोंडावाटे घ्यायचं होतं, पण आधी ॲलर्जी सिद्ध व्हायला हवी. म्हणून नर्सने पुडिंगमध्ये चिमूटभर शेंगदाण्याची पूड कालवून दिली आणि समोर बसली.

"खाज येतेय?"

"येतेय! तळपायाला!"

"मोजे काढा बरं."

मोजे काढले. खाज गेली.

चिमटीचा चमचा झाला, चमच्याची वाटी झाली. प्रूफरीडर आशेने आरशात बघत होता, पण ओठ मेले सुजायला तयार नाहीत. शेवटी डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तुम्हाला ॲलर्जी नाही. चाचणीत घेता येणार नाही."

"अहो, लहानपणी तोंडाचा भोपळा झाला होता माझ्या!"

"तेव्हा असेल. आता गेली."

"गेली? मला न सांगता?"

घरी जाताना त्याला बायको आठवली. शेंगदाणे म्हणजे तिचा जीव की प्राण, आणि लग्न झाल्यापासून तिने त्याच्यादेखत घरात एक दाणा आणला नव्हता. कशासाठी, तर या दीडशहाण्याच्या मिजाशीसाठी! त्याला स्वतःचीच लाज वाटली.

दारातच त्याने एका दमात सगळं सांगून टाकलं. बायको मटकन खुर्चीत बसली.

"सुटले बाई!"

"म्हणजे?"

तिने घरी केलेल्या बिस्किटांचा डबा पुढे केला. "रोज चहाबरोबर हाणता ना, त्यात अर्धी शेंगदाण्याचीच पूड असते. पहिल्यांदा माझ्या चोरून ठेवलेल्या पुडीतली चुकून पडली. मी रात्रभर उशाशी रडत बसले, आणि तुम्ही आपले घोरताय!"

"अगं, मग सांगायचं नाही?"

"सांगणार होते हो. पण पाहुण्यांसमोर ॲलर्जीचा विषय निघाला की तुमचा चेहरा असा काही खुलायचा... म्हटलं, राहू दे. तेवढंच एक आहे बिचाऱ्यांना."

इतक्यात मालकांचा फोन आला. प्रूफरीडरच्या तोंडचं पाणी पळालं. बायकोनेच फोन घेतला.

"नाही ना हो, नाही घेतलं त्यांना. काय सांगू तुम्हाला! डॉक्टरीणबाई म्हणाल्या, अशी केस त्यांनी आजवर पाहिलीच नाही."

बोलता बोलता तिने दुसऱ्या हाताने डबा त्याच्याकडे सरकवला.