ड्रॅगनचं आजोळ

तोतारामआबांनी छापखान्यातल्या टेबलावर आधी साप्ताहिकाचा ताजा अंक ठेवला, त्यावर नारळ ठेवला आणि मग टोपी काढून कपाळ पुसलं. रुपचंदने नारळ ओळखला. वैशाखात साखरपुड्याला त्याच्या वडिलांनी असोद्याला आबांच्या घरी नेऊन दिलेला तोच. त्यावरचं कुंकू अजून गेलं नव्हतं.

"आबा, हे काय?"

"परत आनला. चिन्याचा साप पोसनाऱ्या घरी पोरगी देनार नही मी."

साप म्हणजे ड्रॅगन. साप्ताहिकाचे मालक सुगनचंद शेठ यांच्या घरच्या चहाच्या कपावर तो त्याला पहिल्यांदा दिसला आणि राजा वीरसेनाच्या त्याच्या क्रमशः कथेत येऊन बसला. कप चिनी होता, म्हणून रुपचंदने त्याला हिमालय ओलांडून आणला आणि राजाचा किल्ला जाळायला लावला. उन्हाळ्यात हे वाचून जळगावात लोक खूश झाले. ऑक्टोबरात चीनने हल्ला केला आणि त्याच लोकांना ड्रॅगन कुठल्या वाटेने आला होता ते एकदम आठवलं.

"मी पारावर बसून साऱ्या गावाले वाचून दाखोतो," आबा म्हणाले. "काल पुना न्हावी चारचौघात म्हने, आबा, तुमचा जवाई कोनाकडून हाये? मले तोंड वर करता आलं नही."

"आबा, तो गोष्टीतला प्राणी आहे."

"गोष्टीतला राहो का गोठ्यातला. गाव कोनतं, माय कोनाच्या घरची, मामा कुठी राह्यतो, अन् लढाईत उभा कोनाकडून, हे बठ्ठं पुढच्या अंकात आलं पाह्यजे. मंग नारळाचं पाहू."

सोयरीक जुळवताना आबा मुलाबद्दल हेच विचारत. रुपचंदने निमूट लिहायला घेतलं. ड्रॅगन मूळचा सातपुड्यातला ठरला. गरम पाण्याच्या झऱ्याकाठी त्याचं अंडं उबवलं गेलं. आई डोंगरातल्या जुन्या घराण्यातली, मामा तापीच्या डोहात. लहानपणी शत्रूने त्याला पळवून हिमालयापलीकडे नेलं होतं, तो आता घरी परतला होता. किल्ला जाळला तो धुक्यात निशाण न दिसल्यामुळे. यापुढे तो वीरसेनाकडून लढणार होता.

सुगनचंद शेठ मजकूर वाचता वाचता थांबले.

"मामा तापीत, ठीक. पण हा खातो काय?"

"बैल. रात्री, लढाईनंतर."

शेठजींनी चष्मा काढला. त्यांचा चेहरा पाहून छपाईच्या अक्षरांचे खिळे जुळवणारा माणूसही हात आवरून उभा राहिला.

"माझ्या माँजी दर गुरुवारी ही गोष्ट ऐकतात. मी त्यांना काय सांगू? आम्हा जैनांच्या पेपरात दिवस मावळल्यावर कोणी बैल खाल्ला म्हणून?"

"मग काय खाऊ दे?"

"केळी आहेत ना आपल्याकडे. सूर्यास्ताआधी खाऊ दे आणि झोपू दे."

पण मागच्या अंकात शत्रूचा मध्यरात्रीचा हल्ला जाहीर झाला होता, आणि ड्रॅगन त्या वेळी केळी खाऊन झोपलेला असणार. शेवटी रुपचंदने शत्रूला रात्रभर वेशीबाहेर बसवून ठेवलं. सकाळी उजाडल्यावर लढाई झाली.

रविवारी तो नारळ घेऊन असोद्याला गेला. पारावर गाव जमलं होतं. आबांनी अंक सावकाश वाचला. मामाचं गाव आलं तेव्हा दोन म्हाताऱ्यांनी माना हलवल्या. केळी आली तेव्हा पुना न्हावी म्हणाला, "हा तं आपल्यातलाच निंघाला, आबा."

"निंघाला," आबांनी अंक मिटला. "याले पोरगी द्यायले काही हरकत नही."

रुपचंद हसला. आबा हसले नाहीत. ते त्याला घरी घेऊन आले, वाटेत शेठजींनी बैलाची केळी कशी करवली ते ऐकून घेतलं, ओट्यावर बसवलं आणि नारळ त्याच्या मांडीवर ठेवला.

"सापाचं झालं. आता तुह्यं. मी दम देल्हा, तू त्याची माय बदलली. शेटनं डोये वटारले, तू त्याचं खानं बदललं. साप सातपुड्याचा, राजाकडून. तू कोनाकडून?"

रुपचंदने मांडीवरचा नारळ उगाच फिरवला. इतक्या भागांत त्याने हा प्रश्न कुणालाच विचारला नव्हता, राजालासुद्धा नाही.

दाराआड बांगड्या वाजल्या. आबांची मुलगी सुंदरबाई उंबऱ्यावर आली. साखरपुड्यानंतर त्याने तिला आज पहिल्यांदा नीट पाहिलं.

"आबा, नारळ आत द्या."

"तुले काय कयतं यातलं?"

"वैशाखापासून दर अंक मीच तं तुम्हाले आधी वाचून देते, तवा तुम्ही पारावर न अडखळता वाचता." आबांनी घाईने रस्त्याकडे पाहिलं. रस्त्यावर कोणी नव्हतं. "हे कोनाकडून, ते मले कव्हाच समजलं. समोर जो बोलते त्याच्याकडून. लगन झाल्यावर यांच्या समोर मीच राह्यनार हाये."

आबांनी रुपचंदच्या मांडीवरचा नारळ उचलून मुलीच्या हातात दिला.

ती आत वळली आणि उंबऱ्यात थांबली.

"अन् त्या राजाची रानी सहा भाग झाले मुकी बसेल हाये. तिले काही म्हनायचं हाये."

"काय म्हणायचंय?" रुपचंदने विचारलं. त्याने खिशातून पेन्सिल आधीच काढली होती.