सरांचा आवाज माझ्याकडे सुरक्षित होता

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. आमच्या गावात बॅकअप या विषयावर बोलायचा अधिकार फक्त मला आहे! म्हणजे होता. जानेवारीतल्या त्या गुरुवारी नाश्ता होईपर्यंत तरी नक्की होता.

मी लायल. मार्लिस ब्रोझिच यांच्या फ्युनरल होममध्ये कामाला आहे. मृतदेह आणायची गाडी चालवणं, खुर्च्या मांडणं, रडणाऱ्यांना कॉफी देणं आणि तळघरातला सर्व्हर सांभाळणं, ही माझी कामं. उत्तर मिनेसोटात माणसं मरतात, पण घाईघाईने मरत नाहीत. त्यामुळे सर्व्हरसाठी माझ्याकडे वेळच वेळ!

सर्व्हर म्हणजे एकच दणकट मशिन, पण त्याच्या पोटात चार मशिनं नांदत होती. खरी नव्हेत हो, आभासी. एका घरात चार बिऱ्हाडं असावीत तशी. एकात गिऱ्हाइकांच्या नोंदी, दुसऱ्यात प्रार्थनेच्या हॉलमधला पडदा आणि आवाज, तिसऱ्यात हीटरचा कारभार आणि चौथ्यात आमच्या सगळ्या पासवर्डांची तिजोरी. रोज रात्री या चारही बिऱ्हाडांची, शिवाय अख्ख्या घराची, म्हणजे मूळ सर्व्हरचीही, प्रत बाहेरच्या डिस्कवर निघायची. डिस्कला पासवर्डचं कुलूप. डिस्क लोखंडी कपाटात. डिस्कवर हिरवा दिवा. आणखी काय पाहिजे माणसाला?

हे सगळं उभं करून दिलं होतं रेनो केट्टुनेन सरांनी. हायस्कुलात ते मला गणित शिकवायचे. मला गणित आलं नाही, हा त्यांचा दोष नव्हे. निवृत्त झाल्यावर ते गावातले कॉम्प्युटर बघायचे. डिस्कच्या कुलपाचा पासवर्ड त्यांनीच टाइप केला आणि तिजोरीतही त्यांनीच ठेवला.

"लायल, एकदा वाचून ठेव रे," ते म्हणाले होते.

"सर, तिजोरीत आहे की! वाचायचं कशाला?"

सरांनी माझ्याकडे पाहिलं. माझा गणिताचा पेपर हातात आला की ते तसंच पाहायचे.

मग गेल्या पानगळीत सरांच्या घशात गाठ निघाली. ऑपरेशन झालं की आवाज राहणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं. सर थेट आमच्याकडे आले. "माझ्या अंत्यविधीला मीच बोलणार," म्हणाले. "तो पाद्री माझ्याबद्दल गोड गोड बोलणार आणि मला उठून 'गप्प बस' म्हणता येणार नाही!"

आम्ही रेकॉर्डिंग केलं. पहिल्या दिवशी नुसती चाचणी, दोन दिवसांनी खरं भाषण. भाषणाच्या वेळी त्यांनी मलाही खोलीबाहेर काढलं. बायकोला, हेल्मीला, तर दोन्ही दिवस गाडीतच बसवून ठेवलं. "मी गेल्यावर ऐक," म्हणाले. पुढच्या आठवड्यात आवाज गेला. त्यानंतर सर पाटीवर लिहून भांडायचे. जानेवारीत सरही गेले.

मधल्या काळात हेल्मी एकदा आल्या होत्या. "लायल, मी ऐकणार नाही, पण मला एक प्रत देऊन ठेव ना पेनड्राईव्हवर."

मी हसलो. खरंच हसलो! "हेल्मी, पेनड्राईव्ह हरवतात, कपड्यांबरोबर धुतले जातात. सरांचा आवाज माझ्याकडे बँकेपेक्षा सुरक्षित आहे!"

तर तो गुरुवार. बाहेर हाडं गोठवणारी थंडी. सरांचा अंत्यविधी दुपारी. सर्व्हर आठवडाभर माझ्या मागे लागला होता, नवी सिस्टीम टाका, नवी सिस्टीम टाका. मी ती भरलेला पेनड्राईव्ह घेऊन तळघराकडे निघालो.

"आज?" मार्लिस म्हणाल्या. "लायल, वर माणूस ठेवलाय!"

"मग? तो कुठे जातोय?"

"काही बिघडलं तर?"

"बिघडू दे ना! बॅकअप आहे!"

पेनड्राईव्ह लावला. स्क्रीनवर प्रश्न आला, 'ही डिस्क पूर्ण पुसायची का?' मला वाटलं, पेनड्राईव्हबद्दल विचारतंय. म्हटलं, पूस बाबा. एरवी ही यंत्रं फालतू गोष्टी दहादा विचारतात. हे एकदा विचारून कामाला लागलं आणि सर्व्हर धुऊन पुसून लख्ख केला. घरही गेलं आणि चारही बिऱ्हाडंही.

मी किंचाळलो, "मेले! चारही मेले!"

फ्युनरल होममध्ये असं ओरडू नये. मार्लिस कोट चढवतच जिन्यावरून खाली आल्या. "चौघं? कुठे, हायवेवर? अरे, आपल्याकडे जागा दोघांचीच आहे! मी पाद्रींना फोन करून ठेवलाय!"

"माणसं नाहीत हो! मशिनं!"

त्या पायरीवर बसल्या. "मग सरांचा आवाज?"

"बॅकअप आहे," मी म्हटलं. तेव्हाही माझी मान ताठ होती. मी लोखंडी कपाट उघडलं, डिस्क काढली, जोडली. डिस्कने पासवर्ड विचारला.

पासवर्ड तिजोरीत. तिजोरी चौथ्या मशिनात. चौथं मशिन बॅकअपमध्ये. बॅकअप या डिस्कवर. आणि डिस्क पासवर्ड विचारत होती.



"म्हणजे कपाटाची किल्ली कपाटात ठेवून तू कपाट लावून घेतलंस?" मार्लिस म्हणाल्या.

"तसंच काहीसं."

"मग पासवर्ड माहीत कोणाला आहे?"

मी वरच्या मजल्याकडे बोट दाखवलं. तिथे हॉलमध्ये, फुलांच्या मधोमध, निळा सूट घालून, पासवर्ड माहीत असलेला एकमेव माणूस झोपला होता. देवाशपथ सांगतो, त्या दिवशी सरांच्या चेहऱ्यावर जरा हसू होतं. मेकअप मीच केला होता, हसू मी काढलं नव्हतं!

हीटरचं मशिनही मेल्यामुळे हॉल गारठायला लागला. लोक आले, बसले, टोप्या परत डोक्यावर गेल्या. मी जिन्यात उभा राहून ऐकत होतो. "रेनोनेच सांगितलं असणार, हीटर लावू नका म्हणून," एक बाई म्हणाली. "त्याच्या घरी तरी कुठे लावायचा!" दुसरी म्हणाली, "शेवटपर्यंत तत्त्वाचा माणूस हं." सगळ्यांनी मान डोलावली आणि थंडी श्रद्धेने सोसली.

हेल्मींना मात्र सांगावंच लागलं. त्या जाड कोट घालून तळघरात आल्या, बरोबर सरांचा धाकटा भाऊ ओन्नी. मी सगळं सांगितलं. मला वाटलं, त्या ओरडतील. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"लायल," त्या हळू म्हणाल्या, "चार महिने झाले मी त्याचा आवाज ऐकला नाही. भांडायला तरी ऐकू यावा असं वाटायचं. आज हे आटोपलं की पेटी गारठ्याच्या खोलीत जाणार, मे महिन्यापर्यंत जमीन खणता येत नाही. मला आज तेवढा एक आवाज हवाय रे."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी म्हटलं, "हेल्मी, पासवर्ड ओळखू या. तुम्ही त्यांना सगळ्यांत जास्त ओळखता."

मग सुरू झालं. हेल्मींचं नाव. चूक. लग्नाची तारीख. चूक. ("तारीख त्याच्या कधीच लक्षात राहिली नाही," हेल्मी म्हणाल्या.) मेलेल्या कुत्र्याचं नाव, चूक. जिवंत कुत्र्याचं नाव, चूक. तळ्याचं, होडीचं, होडीच्या इंजिनाचं! प्रत्येक वेळी डिस्क मिनिटभर विचार करायची, आशा लावायची आणि नाही म्हणायची.

ओन्नी मधेच खाकरला. "एक... म्हणजे आपलं उगाच म्हणतो. अर्डिस टाकून बघितलं का?"

तळघर आधीच थंड होतं, आता गोठलं. अर्डिस म्हणजे सरांची लग्नाआधीची मैत्रीण. ती वर दुसऱ्या रांगेत बसली होती, सकाळीच घरची पोटिका, म्हणजे अक्रोडाचा गोड रोल, देऊन गेली होती.

"ओन्नी!" मार्लिस दातओठ खात म्हणाल्या.

"इंग्रजीत तिच्याही नावाला हेल्मीसारखी पाचच अक्षरं आहेत, म्हणून म्हटलं..."

"टाक," हेल्मी म्हणाल्या.

"राहू दे ना हेल्मी, कशाला उगाच..."

"लायल, टाक!"

मी टाकलं. उघडलं तर सरांचा आवाज मिळणार आणि सर जाणार. नाही उघडलं तर सर राहणार आणि आवाज जाणार. डिस्क विचार करत बसली. इतका विचार तिने कुठल्याही नावाचा केला नव्हता. ओन्नी छताकडे बघत होता.

चूक.

आम्ही चौघांनी एकदम श्वास सोडला. हेल्मी खदखदून हसल्या. "बिचारी अर्डिस!" म्हणाल्या. आणि हसता हसता त्यांना रडू फुटलं, कारण आता आमच्याकडे एकही नाव उरलं नव्हतं. मला आयुष्यात कधी इतकी लाज वाटली नाही.

रडणाऱ्यांना कॉफी द्यायची, एवढं मला येतं. मी माझ्या किटलीतून कप भरून दिला. हेल्मींनी एक घोट घेतला, तोंड वाकडं केलं आणि डोळे पुसत म्हणाल्या, "तुझ्या कॉफीला तो काय म्हणायचा, ठाऊक आहे? इथून घरी आला की दर वेळी तेच वाक्य."

"काय म्हणायचे?"

"लायलची कॉफी म्हणजे भांड्यांचं धुवण."

मग मार्लिस म्हणाल्या, "टाकून बघ."

"अहो, काहीतरीच काय! पासवर्ड असा कुठे..."

"टाक!"

मी माझ्याच हातांनी, अक्षर न अक्षर, लायलची कॉफी म्हणजे भांड्यांचं धुवण असं लिहिलं. डिस्क क्षणात उघडली! इतकी वर्षं माझ्या तिजोरीत माझीच अब्रू ठेवली होती आणि मी तिची रोज राखण करत होतो.

आनंदाने मी मार्लिसना मिठी मारायचंच बाकी ठेवलं. आधी घर उभं केलं, मग एकेक बिऱ्हाड परत आत आणायला घेतलं. पट्टी मुंगीच्या पावलाने सरकत होती. वर पाद्रींना निरोप गेला, जरा लांबवा. त्यांनी मनापासून लांबवलं. "रेनो हा अतिशय मृदुभाषी माणूस होता," असं खाली ऐकू आलं आणि हेल्मी म्हणाल्या, "लवकर कर लायल, नाहीतर तो उठून बसेल."

पट्टी संपली. मी आवाजाचं मशिन उघडलं. सरांच्या नावाचा कप्पा होता. आत एकच फाईल.

चाचणीची.

मी तारीख बघितली. परत बघितली. डिस्कवरची शेवटची प्रत चाचणीच्या रात्रीची होती. त्यानंतर डिस्क भरली आणि पुढे एकही प्रत निघाली नाही. डिस्कने मला रोज ईमेल पाठवून तसं कळवलं होतं. ते सगळे ईमेल आपोआप एका कप्प्यात जातील, अशी सोय मीच केली होती. कप्प्याचं नाव 'नंतर बघू'. आणि हिरवा दिवा? डिस्कला वीज मिळतेय, एवढंच तो सांगत होता!

खरं भाषण फक्त सर्व्हरवर होतं. ते सकाळी मी पुसलं होतं.

"हेल्मी," मी म्हटलं. "भाषण नाहीये."

"मिळेल ना?"

"नाही मिळणार. गेलं. मी घालवलं."

त्यांनी स्क्रीनवरच्या एकुलत्या फाईलवर बोट ठेवलं. विचारलं, "मग हे काय आहे?"

"चाचणी आहे. त्यात काही नाही."

"आहे ते लाव," त्या म्हणाल्या आणि जिना चढायला लागल्या.

पाद्री बसले. हॉलमध्ये कोट घातलेले लोक, सगळ्यांच्या तोंडातून वाफ. मी बटण दाबलं आणि सरांचा आवाज आला. जाडाभरडा, घशात खडे असल्यासारखा.

"सुरू झालं का? लाल दिवा लागलाय. लायल, लाल म्हणजे चालू की बंद? ...बरं. एक, दोन, तीन. काय बोलू? हेल्मी बाहेर गाडीत बसलीय. हीटर लावून बसली असेल, पेट्रोल जाळत..."

कुडकुडणारा अख्खा हॉल हसला.

"...तिला मीच म्हटलं, आत येऊ नकोस. ती समोर असली की मला बोलता येत नाही. पहिल्यापासूनच." मग खोकला. बराच वेळ नुसता खोकला. "पाणी दे. कॉफी नको, पाणी दे! हं. लायल, हे दोन ठिकाणी ठेव रे. तुझा काही भरवसा नाही. चल, पुसून टाक हे आता."

संपलं. सगळा हॉल मान वळवून माझ्याकडे बघत होता. मी फुलांच्या मागे सरकलो. फुलं फार नव्हती. हेल्मी पहिल्या रांगेत तोंडावर रुमाल धरून हसत होत्या, आणि खांदे हलत होते ते नुसत्या हसण्याने नव्हे. "परत लाव," त्या म्हणाल्या. मी तीनदा लावलं.

खऱ्या भाषणात काय होतं, ते सरांशिवाय कोणालाच ठाऊक नाही. हेल्मी मला एका शब्दाने बोलल्या नाहीत. मी मात्र अजून रात्री कूस बदलत राहतो.

सगळे गेल्यावर हेल्मी निघाल्या. मी धावत जाऊन त्यांच्या हातात पेनड्राईव्ह ठेवला. "हेल्मी, ही तुमची प्रत. आता हा आवाज कुठे जात नाही!"

त्यांनी पेनड्राईव्ह उलटासुलटा करून बघितला. मग माझ्याकडे बघितलं, अगदी सर बघायचे तसं.

"लावून बघितलास?"

नव्हता बघितला. मुकाट्याने परत तळघरात गेलो, लावला.

रिकामा होता.