काळी चार

मुबीनच्या सिंथवर, म्हणजे विजेच्या पेटीवर, झोपायचा हक्क एकट्या काळीचा. भद्रकालीत घराच्या माळ्यावर त्याने स्टुडिओ थाटला तेव्हा ही मांजर तिथे आधीपासून राहत होती, म्हणजे स्टुडिओ तिचा आणि मुबीन भाडेकरू, असंच सगळे धरून चालायचे.

त्या दिवशी एका नव्या मिसळवाल्याच्या जाहिरातीचं गाणं होतं. गाणार उज्वला, आयुष्यातलं पहिलंच रेकॉर्डिंग, दोनला दवाखान्यात ड्यूटी, आणि मिसळवाल्याने बजावलेलं, दोनपर्यंत गाणं आलं नाही तर दुसरी गायिका तयार आहे. संगीत करणारा हिरामण मखमलाबादला घरी बसला होता. "तिची पट्टी ग्रुपवर टाक, त्याशिवाय मी बोट लावत नाही," तो मुबीनला म्हणाला. मुबीन उज्वलाला फोन लावणार, तेवढ्यात ग्रुपवर त्याच्या बहिणीचा, अरफाचा मेसेज आला : 'काळी चार.'

पेटीवरची चौथी काळी, ती काळी चार. बायकांची नेहमीचीच पट्टी. मुबीनला वाटलं, अरफानेच विचारून घेतलं. त्याने अंगठा दिला. हिरामणने पण अंगठा दिला आणि अख्खं गाणं त्या पट्टीत बांधून, पेनड्राइव्हमध्ये घालून बारा वाजता हजर. उज्वलाही आली.

मुबीनने सिंथचं कव्हर जरा उचललं तर आतून फिस्स आलं.

"हे काय?"

"काय म्हणजे? ग्रुपवर टाकलं ना मी," अरफा म्हणाली. "काळी, चार. पिल्लं सगळी तिच्यासारखीच. तुम्ही अंगठे दिलेत की."

हिरामण खाली बसला. "अरफा, मी त्याच्यात गाणं बांधलंय."

"मग बारशाला होईल."

"मला गाऊन तर बघू द्या," उज्वला म्हणाली. पेनड्राइव्ह सिंथच्या मागे लागला, प्लेचं बटण कडेलाच होतं. हेडफोन लावून ती गायली आणि गाण्यातल्या 'तर्री'वर आवाज फाटला. परत गायली, तर्री परत फाटली. "एवढूसं खाली घ्या ना, दादा." डोळ्यांत पाणी आलेलं.

पट्टी उतरवायचं बटण नेमकं काळीच्या पोटाखाली. हिरामणने हात घातला, दोन ओरखडे घेऊन बाहेर काढला. मुबीनने दूध दाखवलं, तिने तिकडे बघितलंसुद्धा नाही. दीड वाजला.

"उचलू का तिला?"

"भाई, हात लावायचा नाही. बाळंतीण आहे ती."

तेवढ्यात काळीने कूस बदलली आणि सिंथवर टिक वाजलं. अरफाने कव्हरखाली डोकं घातलं.

"पांढरी," ती आतून म्हणाली. "पाच झाली."

हिरामणने स्क्रीन बघितली. पट्टी एक घर उतरली होती, आणि काळी चारच्या खालचं घर म्हणजे... "खरंच की, पांढरी पाच," तो हळूच म्हणाला. "उज्वला, गा. ती परत वळायच्या आत."

उज्वला एका दमात गायली. तर्री अशी लागली की मुबीनला भूक लागली. दोनला दहा कमी असताना गाणं गेलं, दोनला पाच कमी असताना मिसळवाल्याचा होकार आला.

चपला घालून उज्वला परत आत आली आणि कव्हर बोटभर उचललं. काळीने एक डोळा उघडला फक्त.

"पांढरी पाच माझी हां, मुबीनदादा."

"पट्टी का पिल्लू?"

"दोन्ही."

"पिल्लू दोन महिन्यांनी," अरफा म्हणाली. "तोवर पट्टी घेऊन जा."