रळियातबेनची दबलेली नस

जामनगरच्या रळियातबेन साडी रंगवण्याआधी तिच्यावर बांधणीच्या गाठी बांधत; एका गाठीचा एक ठिपका. चिमूटभर कापड नखानं उचलायचं, दोऱ्यानं आवळायचं, की लगेच पुढची गाठ. मनगट दिवसभर वाकलेलं. आधी हाताला मुंग्या आल्या, मग अंगठा आणि शेजारची दोन बोटं बधिर झाली. एकदा चहाची बशी निसटून थेट व्याह्यांच्या धोतरावर गेली, तेव्हा सून कोकिळानं त्यांना दवाखान्यात नेलं.

डॉक्टर वसावडांनी मनगट मुडपून धरलं, तशा मुंग्या उसळल्या.

"बेन, मनगटातल्या अरुंद वाटेत नस दबलीय. पट्टा बांधा, हाताला विसावा द्या. पण अंगठ्याखालचं मांस झडू लागलंय, तेव्हा छोटं ऑपरेशन लवकर करा. उशीर झाला तर जोर परत येणार नाही."

ऑपरेशनच्या खर्चाला मदत मिळावी म्हणून सासू-सून कारागीर कल्याण कार्यालयात गेल्या. तिथले धोळकियासाहेब अत्यंत नियमनिष्ठ होते.

"मदत फक्त कारागिरांना. बांधून दाखवा."

बोटांना काही कळत नव्हतं, तरी रळियातबेननी डोळ्यांच्या भरवशावर गाठी बांधल्या.

"वा! हात उत्तम चालतोय. म्हणजे आजार नाही. नामंजूर."

पुढच्या खेपेला हात आणखी बिघडला होता. दोरा बोटांत ठरेना.

"कारागिरी सिद्ध होत नाही. नामंजूर."

कोकिळा भडकली. "अहो, आजारी आहेत म्हणूनच जमत नाही ना!"

"आजार मान्य आहे, बेन. पण आजाऱ्यांचं खातं वेगळं."

"मग यांनी बांधायचं तरी कसं?"

साहेबांनी वरिष्ठांना फोन लावला. बराच वेळ 'होय साहेब' झाल्यावर खुलासा मिळाला, "आजारी कारागिरानं बांधावं तसं. म्हणजे सुबक, पण विव्हळत."

रळियातबेन प्रसूतीतही विव्हळल्या नव्हत्या. सुनेनं आठवडाभर तालीम घेतली. समितीपुढे त्यांनी दोरा दातांनी ओढत गाठी आवळल्या आणि असा टाहो फोडला की एका सदस्यानं डोळे पुसले आणि दुसऱ्यानं गाठींची तारीफ केली. मंजुरी मिळाली.

ऑपरेशन झालं, मुंग्या थांबल्या. अंगठ्याचा जोर मात्र गेला तो गेलाच. कार्यालयानं यशस्वी लाभार्थी म्हणून त्यांचा फोटो भिंतीवर लावला. आता त्या साड्यांच्या पेढीवर बसून रंगलेल्या साड्यांचे दोरे सोडवतात.

परवा पेढीवर एक गिऱ्हाईक आलं. आपल्याच पुण्याच्या बाई. त्यांनी एक साडी उलगडून पाहिली.

"हाताचीच आहे ना? मग इथले ठिपके वेडेवाकडे कसे?"

"बांधताना माझी बोटं बधिर होती, बेन," रळियातबेन म्हणाल्या.

"अगं बाई! केवढं सोसलंत हो!" बाईंचे डोळे खरोखर भरून आले. रळियातबेननाही भरून आलं. बांधून न दाखवता विश्वास ठेवणारं हे पहिलंच माणूस.

बाईंनी डोळे टिपले आणि त्या पेढीवाल्याकडे वळल्या.

"मग डागी माल म्हणून सूट किती देताय?"