अ‍ॅनिमेतले दात

जपानी अ‍ॅनिमेचं, म्हणजे तिकडच्या कार्टूनपटांचं, खरं मर्म दातांत असतं आणि ते ओळखणारा माणूस या भूतलावर एकच आहे, असं कवळीवाल्यांचं अभ्यासपूर्ण मत होतं. हे मत ते स्वतःच्या ब्लॉगवर नेमाने मांडत. तो वाचतं कोण, हा प्रश्न त्यांना क्षुद्र वाटे.

त्यामुळे ‘अ‍ॅनिमेप्रेमींनी वाचावेत असे ब्लॉग’ ही यादी एका संकेतस्थळावर झळकली, तेव्हा कवळीवाले चष्मा पुसून ऐटीत बसले. वरून खाली वाचली. खालून वर वाचली. नाव नाही!

“केसांवर लिहिणारा आहे!” समोरच्या खोलीतल्या दवाखान्यातून ते स्वयंपाकघराकडे गरजले. “नायकाचे केस वाऱ्यावर कसे उडतात, यावर लिहिणारा विद्वान आहे! आणि दात? जबडा एवढा वासतात, आत बघावं तर दात सुटे नाहीतच! पांढरी पट्टी चिकटवलेली! भिंतीवर आपटा, डोंगरावरून फेका, पट्टी जागची हलत नाही! यावर कुणी बोलायचं की नाही?”

“तुम्ही बोलता की. रोज जेवताना,” बायको म्हणाली.

“तू वाचलायस का माझा ब्लॉग?”

“ऐकलेलं पुन्हा वाचायचं कशाला?”

कवळीवाल्यांनी यादीच्या संपादिकेला खरमरीत पत्र पाठवलं. तिचं उत्तर सभ्य होतं, म्हणून त्यांना जास्तच झोंबलं. यादी अजून कच्ची आहे. वाचकांनी शिफारस केली तर शनिवारी पक्क्या यादीत विचार करू.

वाचक! कवळीवाल्यांनी बाहेरच्या बाकावर नजर टाकली. तिथे बोळक्या तोंडाची पाच माणसं बसलेली होती.

आता कवळीवाल्यांची कामाची एक रीत होती. गिऱ्हाइकाच्या तोंडात मापाचा लगदा भरायचा आणि तो घट्ट होईपर्यंत आपण बोलायचं. समोरचा मधे तोंड घालू शकत नाही, हे या धंद्याचं मोठं सुख! त्या दिवशी त्यांनी एकेकाला ब्लॉग, अ‍ॅनिमे, पांढरी पट्टी, होणारा अन्याय, सगळं ऐकवलं.

“मग लिहाल ना चार ओळी?”

“हं हं,” गिऱ्हाईक म्हणे. लगदा भरल्यावर कुणीही तेवढंच म्हणतं. कवळीवाले संपादिकेचा पत्ता त्याच्या खिशात सरकवत आणि “पुढचे!” म्हणत.

गुरुवारपर्यंत पाचही जणांच्या कवळ्या बसवून झाल्या आणि शुक्रवारी संपादिकेचा फोन आला.

“तुमच्या ब्लॉगच्या शिफारशी मिळाल्या. वाचून दाखवू? ‘आता सफरचंद सालासकट खातो.’ ‘बोलताना शिट्टी वाजायची, ती थांबली.’ ‘वरची सैल आहे, शिंकलो की बाहेर येते, कृपया लक्ष घालावे.’”

“गाढवं आहेत सगळी!” कवळीवाले कडाडले. “यांच्या तोंडात मी दात घातले, यांना चार शब्द नीट काढता येऊ नयेत? आणि तुम्ही! केसांना जागा आहे, दातांना नाही! माणूस केसांनी चावतो का हो?”

ते बराच वेळ बोलले. संपादिका विरघळली, असं कवळीवाल्यांना वाटलं.

“एक विचारू का?” ती हळूच म्हणाली. “माझ्या वडिलांची कवळी फार टोचते हो.”

कवळीवाले संतापाने लाल झाले. मग त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला.

“उद्या सकाळी पाठवा. आणि दातांबद्दलचं माझं म्हणणं त्यांना पटलं तर?”

“बाबा एकही अ‍ॅनिमे चुकवत नाहीत. त्यांनी शिफारस केली तर तुमचं नाव घालते. शब्द!”

शनिवारी सकाळी वडील आले. कवळीवाल्यांनी जुनी कवळी घासून टोचणारी कड काढली, तरीही मापाचा लगदा भरलाच. नंतर जे बोलले, ते त्यांच्या आयुष्यातलं सर्वोत्तम भाषण होतं! वडिलांची नजर त्यांच्या ओठांवरून ढळली नाही. पांढऱ्या पट्टीपाशी तर म्हाताऱ्याच्या डोळ्यांत पाणी तरळलं. शेवटी त्यांनी तीनदा मान डोलावली.

“ऐकलंस?” कवळीवाले आत ओरडले. “याला म्हणतात रसिक!”

वडिलांनी चूळ भरली. रुमालाने डोळे पुसले, “लगदा फार मागे गेला होता,” म्हणाले. मग सदऱ्याच्या खिशातून डबी काढली, त्यातलं श्रवणयंत्र कानात बसवलं आणि कळ फिरवली.

“हां, बोला. आता ऐकू येतंय.”