व्यंकटअण्णांचा शब्द

मुरुम गावातल्या आमच्या शेजारच्या व्यंकटअण्णांनी एकदा चक्क वरात अडवली होती. बँडवाला गायक अण्णांनीच लिहिलेलं गाणं म्हणत होता आणि 'लई'च्या जागी 'फार' म्हणून गेला. अण्णा बनियनवरच घरातून धावले आणि घोड्यापुढं उभे राहिले. "म्या लिवलंय तसं म्हण, न्हायतर नवरदेवाला घोड्यावरच म्हातारा करतो!" ओळ पुन्हा नीट म्हटली गेली, तेव्हाच वाट मोकळी झाली. नवरदेवानं वरून हात जोडले, तर अण्णा म्हणाले, "तू नांद सुखानं. तुझं काय बी चुकलं न्हाय."

अण्णा संगीत नाटकं लिहितात. गोष्ट त्यांची, गाणी त्यांची आणि तालमीतल्या शिव्याही त्यांच्याच. मी पेटी वाजवतो, त्यामुळं त्यातल्या बऱ्याच माझ्या वाट्याला येतात.

अण्णांच्या तरुणपणी पुण्याच्या एका निर्मात्यानं त्यांच्या नाटकावर सिनेमा काढायचं ठरवलं. पटकथा, गाणी, सगळं अण्णांनी लिहून दिलं. निर्माता म्हणाला, "नायिकेची भाषा तेवढी शुद्ध करा."

"माझी आई ह्याच भाषेत अंगाई म्हणायची," अण्णा म्हणाले. "मग म्या काय अशुद्ध झोपलो का?"

बाड काखेत मारून ते उमरग्याच्या एस्टीत बसले. सिनेमा राहिला तो राहिलाच. कुणी हळहळलं की अण्णा उसळतात, "सिनेमा गेला, जीभ ऱ्हायली. लई झालं!" तेव्हापासून दरवर्षी जत्रेला त्यांचं नवं नाटक असतं. एका वर्षी पंचांनी डीजेसाठी मंडप काढून घेतला, तर अण्णांनी अडत दुकानापुढच्या मोकळ्या जागेत, माईकशिवाय, पूर्ण नाटक केलं. एक गाणंही गाळलं नाही.

यंदा त्यांच्या बायकोला, कुसुमकाकूंना, अर्धांगवायूचा झटका आला. हातपाय सावरले, पण बोलणं विस्कटलं. पाणी मागायला जावं आणि तोंडून भलताच शब्द यावा. लाजून त्या गप्पच राहू लागल्या. डॉक्टर म्हणाले, "गाऊन घ्या त्यांच्याकडून. कधीकधी गाण्यातून शब्द परत येतात."

एका सकाळी मी चाल बसवायला पेटी घेऊन गेलो. ओट्यावर अण्णा काकूंचे केस विंचरत नव्या नाटकातलं गाणं म्हणत होते, "वाटंवरती येता येता सांज माझी सांडली..."

मी पेटीवर साथ धरली. काकूंनी ओठ हलवले. मग एकदम, रेटून, पहिल्यांदाच अख्खी ओळ गायल्या, "वाटंवरती येता येता साखर माझी सांडली."

मी पेटी थांबवली. "काकू, 'साखर' न्हाय, सांज..."

काकू कावऱ्याबावऱ्या झाल्या. अण्णांनी माझ्याकडं बघितलं. "वाजव," ते म्हणाले. "साखरच हाय."

"पण अण्णा, तुम्हीच तर..."

"म्या काय म्हणलं? साखरच हाय!"

जत्रेत नाटकातल्या नायिकेनं 'साखर'च म्हटलं. पहिल्या रांगेत बसलेल्या काकूही तिच्याबरोबर मोठ्यानं गायल्या. सगळ्या गावासमोर त्यांचा एकही शब्द चुकला नाही.